जानेवारीत सूर्य जवळ, मग स्वेटर कशाला? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं, इमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त आकाशाबद्दलचे निघाले, संक्रांतीचा परिणाम असावा. सगळे घेणं शक्य नाही, सारखे वाटले ते एकत्र केलेत, आणि नावं न टाकता फक्त गावं टाकलीत.

प्रश्न (चिपळूण): मुलगा आठवीत आहे. त्याने यूट्यूबवर पाहिलं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. आता रोज सकाळी म्हणतो, मग आई तू मला स्वेटर का घालायला लावतेस? खरं सांगायचं तर मलाही आजवर वाटत होतं की उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो.

ताई, मुलगा बरोबर बोलतोय. आणि तुमचा जो समज आहे तो तुमच्या एकटीचा नाही, मी स्वतः कॉलेजात जाईपर्यंत तेच धरून बसलो होतो. दोष त्या पुस्तकातल्या आकृतीचा. आठवते ना, मध्ये सूर्य आणि भोवती काकडीसारखी लांबुळकी कक्षा, ती बघून कुणालाही वाटणार की पृथ्वी कधी एकदम जवळ जाते आणि कधी पार लांब. खरी कक्षा काढायची म्हणलं आणि लांबीला १ मीटर घेतली तर रुंदीला ती जेमतेम ०.१४ मिलिमीटर कमी भरेल, म्हणजे पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. नजरेला ते वर्तुळच. फक्त सूर्य बरोब्बर मध्यावर नाही, किंचित एका अंगाला आहे, त्यामुळे ३-४ जानेवारीच्या सुमारास अंतर १४.७१ कोटी किलोमीटर असतं आणि ४ जुलैच्या आसपास १५.२१ कोटी. पन्नास लाखांचा फरक ऐकायला प्रचंड वाटतो, पण पंधरा कोटीत पन्नास लाख म्हणजे शेकडा सव्वातीन. एवढ्याने जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा साधारण ७ टक्के जास्त ऊन मिळतं, हे खरंच आहे, पण त्याने ऋतू होत नाहीत.

आणि होत असते तर अख्ख्या जगाला एकाच वेळी उन्हाळा आला असता की. मुलाला म्हणावं २६ डिसेंबरला मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट लाव, तिकडे लोक टोप्या घालून, सनस्क्रीन थापून बसलेले असतात आणि आपण इकडे पांघरूण घेऊन बघत असतो. सूर्य एकच, तारीख एकच, अंतरही तेच.

खरं कारण म्हणजे पृथ्वी तिरकी आहे. तिचा आस २३.४ अंश कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याच्या बाजूला रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तरेचा अर्धा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरात तोच भाग पाठीमागे रेललेला असतो. (इथे काही जण परत फसतात, म्हणतात झुकल्यामुळे आपण सूर्याच्या जवळ जातो म्हणून गरम होतं. नाही हो! पृथ्वीची अख्खी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, पंधरा कोटींपुढे त्याचं काय.) झुकण्याने दोन गोष्टी बदलतात, ऊन किती सरळ पडतं आणि किती तास पडतं. सरळ-तिरक्याचं असं बघा, चमचाभर तूप फुलक्यावर घातलं तर फुलका निथळतो, तेवढंच तूप मोठ्या भाकरीवर फासलं तर भाकरी कोरडीच लागते. सूर्य खाली असला की तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरतं. चिपळूणला २१-२२ डिसेंबरला सूर्य दुपारी सगळ्यात वर येतो तेव्हासुद्धा क्षितिजापासून ४९ अंशच वर असतो, मीटरभर काठी उभी केली तर सावली ८७ सेंटिमीटर पडेल, आणि जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर डोक्यावरच्या उन्हापेक्षा जवळपास चौथा हिस्सा ऊन कमी पोचतं. शिवाय दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तोच तेरा तासांचा. कमी तास आणि पातळ ऊन, रात्र मोठी, झाली थंडी.

आता चिपळूणच्या थंडीला स्वेटर लागतो का हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न (कोल्हापूर): अंबाबाईच्या किरणोत्सवाला, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात तेव्हा, आम्ही दरवर्षी जातो. नोव्हेंबरात आणि नंतर जानेवारीच्या शेवटी, असा दोनदाच का होतो? आणि त्याच तारखांना कसा काय?

हा प्रश्न वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण किरणोत्सव म्हणजे दगडात बांधलेलं कॅलेंडर आहे आणि त्यात ऋतूंचं अख्खं गणित बसलेलं आहे.

सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो असं आपण पोरांकडून पाठ करून घेतो, पण बरोब्बर पूर्व आणि बरोब्बर पश्चिम हे वर्षातून दोनदाच होतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. बाकी सगळं वर्ष मावळायची जागा सरकत असते. कोल्हापुरात ती जूनमध्ये पश्चिमेच्या साडेचोवीस अंश उत्तरेला जाते आणि डिसेंबरात तेवढीच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश भरते, म्हणजे सहा महिन्यांत मावळता सूर्य क्षितिजावर जवळपास पाच मुठी इकडून तिकडे जातो. झोपाळ्यासारखं आहे ते. आणि झोपाळा जाताना एकदा आणि येताना एकदा अशा प्रत्येक जागेवरून दोनदा जातो ना, तसंच.

९, १०, ११ नोव्हेंबरला सूर्य दक्षिणेकडे निघालेला असतो आणि पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. मग आणखी खाली जातो, २१-२२ डिसेंबरला टोक गाठतो, वळतो आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला परत त्याच १८ अंशांच्या जागेवर येतो. दिवस मोजून बघा, ९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४२ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी तेही ४२. बांधणाऱ्यांनी हे नुसत्या नजरेने टिपलं, दुर्बीण नव्हती, घड्याळ नव्हतं. महाद्वारातून येणारी किरणं संध्याकाळी सूर्य जसा खाली उतरतो तशी आडवी होत जातात म्हणून आधी चरणांवर आणि मग वर सरकत जातात, कधी चेहऱ्यापर्यंत पोचतात, कधी वाटेतच विरतात. त्यात वाटेतल्या बांधकामांचा अडथळा आणि क्षितिजावरची धूळ-ढग हे तुम्हा कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं.

तुमच्या घराला पश्चिमेची खिडकी असेल तर असा उत्सव घरच्या घरी होतो. समोरच्या भिंतीवर पडणाऱ्या उन्हाच्या कडेला दर रविवारी ठरलेल्या वेळी पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. मार्च आणि सप्टेंबरात खुणा लांब लांब पडतात, जून आणि डिसेंबरात तीन-तीन आठवडे जवळपास एकावर एक. मी चौदा महिने केलं होतं, मग दिवाळीला घराला रंग काढला आणि रंगाऱ्याने सगळ्या खुणा पुसून टाकल्या, घरातलं कुणी हळहळलं वगैरे अजिबात नाही.

प्रश्न (नागपूर): शून्य सावली दिवस मेमध्ये आमच्याकडे शाळेत करतात. पण दिल्लीच्या मावसभावाला फोटो पाठवला तर तो म्हणाला आमच्याकडे असलं काही नसतं. खरं का?

खरंय त्याचं. सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की सावली पायाखालीच जाते, आणि तो डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि दिल्ली २८.६ अंशांवर, कर्कवृत्ताच्या बरीच वर. आपला महाराष्ट्र आणि गोवा सगळाच्या सगळा त्या रेषेच्या खाली, म्हणून आपल्याला हे दोनदा मिळतं. कोल्हापूरला साधारण ६ मे, मुंबईला १५ मे, नागपूरला २६ मे, एखादा दिवस इकडे तिकडे. आणि दुसऱ्यांदा परत येताना नागपूरला १७ जुलैच्या आसपास, मुंबईला २८ जुलै, कोल्हापूरला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसरा कुणी साजरा करत नाही कारण तेव्हा सावली पडायला आधी ऊन तर पाहिजे. हेच त्या नेहमीच्या प्रश्नाचंही उत्तर आहे की जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा असून आपल्याला उकडतं मेमध्ये का, तर जूनला पाऊस येऊन छत्री धरतो. युरोपात असा मधे कडमडणारा पाऊस नाही, तिकडे जमीन तापत तापत जुलैत कळस गाठते.

या दोन तारखांच्या मधल्या काळात आणखी एक मजा असते, भर दुपारी सावली दक्षिणेकडे पडते. बघा कधी ढग फाटले तर.

प्रश्न (परभणी): ७ जूनला मृग लागतं म्हणतात, पण मृगाचं हरीण आणि त्याच्या पोटातला बाण तर आम्हाला ऐन थंडीत, गव्हाला पाणी द्यायला रात्री गेलं की दिसतं. जूनमध्ये ते आकाशात शोधून सापडत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

दादा, मोटर चालू करायला रात्री दोनला उठणाऱ्या माणसाइतकं आकाश आमच्यासारख्यांना कुठलं दिसतंय! प्रश्न एकदम नेमका.

मृग लागतं म्हणजे मृग दिसायला लागतं असं नाही, सूर्य मृगात जातो असं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे सूर्याच्या मागचे तारे बदलत राहतात, आपल्याला वाटतं सूर्यच एकेका नक्षत्रातून चाललाय. २७ नक्षत्रांत वर्ष वाटलं की एकेकाला तेरा-चौदा दिवस येतात, रोहिणी २५ मेच्या सुमारास, मग मृग, मग २१-२२ जूनला आर्द्रा, पुढे तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य), आणि मघांची ती म्हण इथे छापता येत नाही पण तुम्हाला पाठ असणारच. आता सूर्य ज्या नक्षत्रात बसलाय ते त्याच्याबरोबरच उगवणार आणि त्याच्याबरोबरच मावळणार. जूनमध्ये हरीण आकाशात असतंच, पण भर दिवसा, उन्हात झाकलेलं. प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला दोन तास, सहा महिन्यांत बारा तास, म्हणून डिसेंबरात सूर्य मावळताना तिकडे मृग उगवतो आणि रात्रभर तुमच्या गव्हावर उभा असतो.

याच्या पुढची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही म्हणून सांगतो. पाऊस ताऱ्यांमुळे येत नाही, तो सूर्य उत्तरेला आल्याने, जमीन तापल्याने आणि समुद्राकडून वारे वळल्याने येतो. मृगाशी त्याची गाठ पडली हा आपल्या काळाचा योगायोग आहे, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा स्वतःच हळूहळू गोल डुलतो, एका फेरीला साधारण २६ हजार वर्षं. त्यामुळे सूर्य नक्षत्रात शिरायची तारीख ऋतूंच्या मानाने दर ७१-७२ वर्षांना एक दिवस पुढे सरकते. पंधराशे वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळात, ऋतूंच्या हिशोबाने मृग मेच्या मध्यावर लागत होतं आणि अजून दोन हजार वर्षांनी ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल, तेव्हा ७ जूनला शेतात मृगाचे किडे निघाले तरी पंचांगात मृग लागलेलं नसेल. सध्या मात्र चाललंय बरं, हवामान खात्याची मान्सूनची सरासरी तारीख केरळला १ जून आणि मुंबईला ११ जून आहे, तुमच्या मृगाच्या अवतीभवतीच. पण तारीख ही सरासरी असते, त्या भरवशावर धूळपेरणी करायची की वाफसा बघून पेरायचं हे तुम्ही मला शिकवाल, आणि यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव यावर तर माझं काहीच म्हणणं नाही.

प्रश्न (ठाणे): उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं असं भूगोलात आणि १४ जानेवारीला असं कॅलेंडरवर. दोघांपैकी चुकतंय कोण?

वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं काम झालं. सूर्य दक्षिणेचं टोक गाठून वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच, खिडकीतल्या खुणा बघून कुणीही पडताळू शकतं. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं, आणि ती रास आपलं पंचांग ताऱ्यांवरून मोजतं. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत होत्या, मग तो भोवरा डुलत राहिला आणि फट पडत पडत तेवीस-चोवीस दिवसांवर आली. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते, म्हणजे सरकणं आपल्या पणजोबांच्या हयातीपासूनचंच दिसतंय. तेव्हा चुकत कुणीच नाही, मोजायच्या पट्ट्या दोन आहेत, फक्त १४ जानेवारीला ‘आज सूर्य उत्तरेकडे वळला’ असं बातम्यांमध्ये सांगतात ते तेवढं चूक.

सरकारने यावर इलाज काढला होता. मेघनाद साहांच्या समितीने ऋतूंना बांधलेलं राष्ट्रीय कॅलेंडर तयार केलं, ते २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, त्यात चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला आणि लीप वर्षात २१ मार्चला येते, ऋतू कधीच सरकणार नाहीत. छान कॅलेंडर आहे. आकाशवाणीवर सकाळी त्याची तारीख सांगतात तेव्हा ऐकून घेतो आपण, बाकी त्यावर कुणी लग्नाचा मुहूर्त काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

प्रश्न (वसई): रोज ऑफिसातून सहाच्या ठोक्याला निघतो. सगळ्यात लहान दिवस २१ डिसेंबर म्हणतात पण मला तर नोव्हेंबरच्या शेवटीच बाहेर जास्त काळोख वाटतो. भास आहे का?

अजिबात नाही, लोकलला धावता धावता तुम्ही जे पकडलंत ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही! मुंबईत सगळ्यात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास होतो, सहाच्या आसपास. २१ डिसेंबरला तो सहा-पाचपर्यंत आलेला असतो. उलट सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत जातो, जवळपास सव्वासातपर्यंत. २१ डिसेंबरला दोन्हीमधलं अंतर सगळ्यात कमी असतं इतकंच.

असं होतं कारण आपलं घड्याळ एका चालीने चालतं आणि सूर्य तसा चालत नाही. कक्षा किंचित लंबगोल म्हणून पृथ्वीचा वेग जानेवारीत जरा जास्त, आणि आस तिरका असल्याचाही परिणाम, दोन्ही मिळून सूर्य कधी घड्याळाच्या पुढे पळतो कधी मागे रेंगाळतो. मुंबईत सूर्य दिवसातला सगळ्यात वर येतो तो बाराला नाहीच, ३ नोव्हेंबरला १२ वाजून २२ मिनिटांनी आणि ११ फेब्रुवारीला १२ वाजून ५३ मिनिटांनी. म्हणजे त्या तीन महिन्यांत अख्खा दिवसच घड्याळावर अर्धा तास पुढे ढकलला जातो, सकाळही आणि संध्याकाळही. आणि संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आजी म्हणायची ना, खरं तर तो डिसेंबरच्या शेवटापासूनच वाढत असतो, पण सकाळ लवकर व्हायला लागते ती संक्रांतीनंतरच. पहाटे उठून सडा घालणाऱ्या बाईला फरक कळणार तो तेव्हाच की.

प्रश्न (पुणे, इयत्ता पाचवी): तारे फिरतात की आपण? आपण फिरत असू तर चक्कर का येत नाही?

आपण. एसटी हळूच स्टँडमधून निघते तेव्हा क्षणभर बाजूची गाडी मागे चाललीय असं वाटतं, तसंच. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने नावेचा दाखला देऊन हेच लिहिलंय, नावेतल्या माणसाला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात म्हणून. पुण्यात आपण सगळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेला चाललोय, पण ब्रेक नाही, खड्डा नाही, वळण इतकं मोठं की जाणवत नाही, म्हणून चक्कर नाही. विश्वास बसत नसेल तर दिल्लीला नव्या संसद भवनात लांब दोरीचा फूकोचा लंबक टांगलाय तो बघायला बाबांना घेऊन जा. त्याचा झोका हळूहळू दिशा बदलत जवळपास पन्नास तासांत पूर्ण फिरतो, म्हणजे फिरतो तो नाही, खालची फरशी फिरते.

प्रश्न (मेलबर्न): इथे येऊन सहा महिने झाले. दिशांचा पूर्ण घोळ झालाय, गॅलरी दक्षिणेकडची घेतली तर घरात ऊनच येत नाही. सासूबाई म्हणतात वास्तू बघून घ्यायला हवी होती.

वास्तू नको, फक्त सूर्य बघायला हवा होता! तुम्ही ३७.८ अंश दक्षिणेला आहात, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, कायम उत्तरेकडून जातो. जूनमधल्या दुपारी तर तो उत्तरेला जेमतेम २९ अंश वर असतो, त्यामुळे तिकडे घर घेताना उत्तरेकडचं अंगण, उत्तरेकडची खिडकी याला भाव. उगवतो पूर्वेलाच, पण त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलात की उजवीकडून डावीकडे चालतो, आपल्याकडे थंडीत बरोब्बर उलटा. ध्रुवतारा विसरा, तो क्षितिजाखाली आहे. तुमचा संक्रांतीचा तिळगूळ भर उन्हाळ्यात आणि गणपती थंडी सरता सरता, हे एव्हाना कळलंच असेल. आणि पौर्णिमेला चंद्र नीट बघा, इथून नेलेला ससा तिथे डोकं खाली पाय वर झालेला दिसेल. सासूबाईंनाही दाखवा.